मुरलीनानांचं दळण

जळगावच्या मे महिन्यात माणसं कूलरसमोरून हलत नाहीत. मुरलीनाना मात्र स्वतःच्याच कूलरच्या पाठीमागे बसतात. कूलरचं तोंड टेबलाकडे, टेबलावर संगणक, आणि नाना कोपऱ्यात स्टुलावर, अंगात बनियन, डोक्यावर ओला पंचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, कूलर बिघडला असेल.

"नाना, जरा तुमच्याकडे वळवा की तो," मी म्हटलं.

"नको बाई. त्याचं दळण चालू आहे. तापला तर मध्येच बंद पडेल. मी काही बंद पडत नाही."

अन्वी, ईशान, तुम्ही दोघांनी नानांना पाहिलेलं आहे, पण फक्त त्यांचं कोपर. त्या गुरुवारी अन्वीच्या ऑपरेशनच्या आधी आपण बोललो, तेव्हा पडद्याच्या कडेला एक काळंसावळं कोपर सारखं आत-बाहेर करत होतं आणि ईशानने विचारलं होतं, "आजी, तुझ्या बाजूला कोण आहे?" मी म्हटलं, "कोणी नाही, शेजारचे नाना." ते उत्तर अपुरं होतं. पुरं उत्तर आज लिहिते. तुम्ही पलीकडच्या बाजूला होतात, इकडे काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत नाही. क्रमाने लिहिते. क्रमावाचून मला जमत नाही, हे तुमची आई सांगेलच.

मुरलीनाना आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळ गाव नरडाण्याच्या बाजूचं. नोकरी वरणगावच्या कारखान्यात, तपासणी खात्यात. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: दुसऱ्याने केलेली वस्तू हातात घ्यायची, मोजायची, उलटीपालटी करायची आणि मगच पुढे सोडायची. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, तपासणी सुटली नाही. नानी गेल्यापासून घरात एकटे. एक मुलगा आहे, सुहास, तो जर्मनीत असतो. त्याच्याबद्दल विचारलं की नाना म्हणतात, "तिकडे थंडी फार." आणि विषय बदलतात. मे महिन्यात विचारलं तरी थंडी फारच असते.

नानांचं आवडतं वाक्य एक. "आतलं दिसलं पाहिजे."

नवा मिक्सर आणला तेव्हा त्यांनी तो वीज लावण्याआधी उघडला. दुकानदार म्हणाला होता, उघडलात तर हमी संपेल. नाना म्हणाले, "तुमची हमी तुमच्याकडे ठेवा. मला आत काय आहे ते बघू द्या." आत काय होतं ते त्यांनी वहीत काढून ठेवलं, सगळे स्क्रू परत लावले, आणि मग पहिली चटणी केली. औषधाच्या गोळीबरोबर जो बारीक अक्षरांचा कागद येतो, तो संपूर्ण वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डॉक्टरसुद्धा त्यांना बघून खुर्ची जरा मागे घेतात.

पीठ विकत आणत नाहीत. शकीलभाईंच्या चक्कीवर ज्वारी स्वतः नेतात, आणि पीठ पडेपर्यंत तिथेच उभे राहतात. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले असतील तर मूठभर ज्वारी आधी फुकट दळायला लावतात, ते पीठ बाजूला काढतात, आणि मग आपली पिशवी ओततात.

शकीलभाई एकदा माझ्यासमोर म्हणाले, "नाना, पीठ है, सोना नहीं!"

"सोनं असतं तर एवढं बघितलं नसतं, शकीलभाई. सोनं कोण खातं?"

शकीलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही शाळेत होत्या. ह्यांना कुठल्या वर्गात बसवायचं?"

आता संगणकाचं. तुम्हा दोघांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं, पण नानांनी मला जसं समजावलं तसं लिहिते, कारण ते मला अजून विसरता आलेलं नाही. आम्ही गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होतो तेव्हाची गोष्ट. ज्वारी तीन दिवस भिजवायची, वाटायची, शिजवायची, आणि कापडावर पातळ पसरायची. नाना पाणी लावून कापड ताणून धरत होते. मध्येच म्हणाले, "बाई, प्रोग्राम दोन तऱ्हेने घेता येतो. एक म्हणजे बाजारातला पाकिटातला बिबडा. फोडा, तळा, खा. त्याला बायनरी म्हणतात. कोणीतरी कुठेतरी केलेला. ज्वारी किती दिवस भिजली, किडकी होती का, मीठ कोणी घातलं, काही दिसत नाही."

"आणि दुसरी तऱ्हा?"

"दुसरी म्हणजे हे." त्यांनी कापडाकडे हनुवटी केली. "कोणी आपली ज्वारी आणि आपली कृती सगळ्यांसाठी उघडी ठेवतो. त्याला सोर्स म्हणतात. आपण ती निवडायची, वाचायची, आणि आपल्या घरच्या यंत्रावर दळून घ्यायची. वेळ लागतो. पण आतलं दिसतं."

"चवीत काय फरक पडतो?"

"चव तीच," नाना प्रामाणिकपणे म्हणाले, आणि कापड पुन्हा ताणलं.

चव तीच असताना हा माणूस दोन दोन दिवस संगणकाला वारा घालतो. कधी जिन्यातून खाली येऊन मला सांगतो, "बाई, आज दुपारपर्यंत इस्त्री लावू नका. मोठं दळण टाकलं आहे, व्होल्टेज पडतं." मी साड्या चुरगळलेल्या नेसून बाहेर गेले आहे ती नानांच्या दळणापायी. एकदा मी विचारलं, एवढं काय दळलंत? म्हणाले, "कॅल्क्युलेटर."

तर असे नाना. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना म्हटलं, मला पोरांशी लॅपटॉपवर बोलायचं आहे, मोठ्या पडद्यावर. त्यांनी लगेच एका मोफत प्रोग्रामचं नाव सांगितलं. मी म्हटलं, दुसरेही असतील की. "हाच घ्या. दुसरा नको." एवढ्या ठामपणे नाना फक्त ज्वारीबद्दल बोलतात. त्यांनी तो माझ्या लॅपटॉपवर दळून बसवून दिला, तुमच्या आईने तिकडे पाकिटातला घेतला, आणि दर रविवारी आपण बोलू लागलो.

मग ह्या मे महिन्यात तीन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. अन्वीच्या हृदयातलं लहानसं छिद्र बुजवायची तारीख ठरली, गुरुवार. डॉक्टर म्हणाले, नेहमीचं आहे, काळजी करू नका. ही काळजी न करण्याची गोष्ट मला कोणी शिकवलेली नाही. त्याच आठवड्यात सोमवारी माझा मोबाइल उडदाच्या डाळीच्या पातेल्यात पडला आणि दुरुस्तीला गेला. दुकानदार म्हणाला, शनिवारी बघू. आणि तुमच्या आईने तिकडे त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती घेतली, त्यामुळे माझी जुनी तिच्याशी बोलेनाशी झाली.

मंगळवारी आईने नानांच्या बटणांच्या फोनवर फोन केला. नाना तो हातात धरून जिना उतरले. अन्वी, तुझा आवाज आला. तू म्हणालीस, "आजी, मी आत जायच्या आधी तू दिसशील ना? आवाज नको. दिसायला हवीस."

"दिसणार," मी म्हटलं. तुमच्या सकाळी सव्वासातला तुला आत नेणार होते, म्हणजे आमच्याकडे पावणेपाच. साडेचारला दिसायचं ठरलं. मी ते कॅलेंडरवर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

फोन परत देताना मी नानांना म्हटलं, "ऐकलंत ना? नवी आवृत्ती टाकून द्या. गुरुवारी साडेचारच्या आत."

"बुधवारी बसतो. गुरुवारी दुपारी तयार."

"नाना, ह्या वेळेला पाकिटातला चालेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना पाहुण्यांपुढे शिळं वाढायला सांगितलं होतं. "पोरीचं ऑपरेशन आहे आणि तुम्ही परका माल टाकणार? मी आहे ना, बाई."

बुधवारी सकाळी नाना आले, सोबत स्वतःचा कूलर. तो त्यांनी माझ्या लॅपटॉपकडे वळवला. दिवसभर माझ्या बैठकीच्या खोलीत काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळत होत्या आणि मी घामाघूम होऊन येरझाऱ्या घालत होते.

"झालं का?"

"अजून मूळ प्रोग्रामला हात लावलेला नाही. त्याला जे आठ लहान प्रोग्राम लागतात ते दळतो आहे."

"म्हणजे पोळीच्या आधी तवा घडवताय?"

"तवा पाचव्या क्रमांकावर आहे," नाना म्हणाले. "आधी भट्टी."

संध्याकाळी आठही झाले. मी वहीत लिहून ठेवलं, कारण लिहिलं की मला धीर येतो. नाना म्हणाले, आता उद्या सकाळी नऊला फक्त निवडणं आणि दळण. निवडणं म्हणजे नव्या आवृत्तीत कोणी काय बदललं ते ओळीओळीने वाचणं. तासभर. दळण तीन तास. दीडपर्यंत जेवायला मोकळे.

गुरुवारी नऊला ते बसले. दहाला मी चहा दिला. वाचत होते. अकराला मी डोकावले, तर चहावर साय आली होती. नानांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि चष्म्याशिवाय पडद्याकडे बघत होते.

"काही अडलं का?"

"नाही, नाही. बघतोय."

एक वाजता मी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा नेऊन ठेवला. ताट तसंच राहिलं. पडद्यावर ओळी पळत नव्हत्या. बुधवारी कशा पळत होत्या ते मी पाहिलं होतं. आज एकच पान, स्थिर. मी शाळेत पस्तीस वर्षं घालवली आहेत. मुलगा गणित सोडवतोय की नुसता वहीकडे बघतोय, हे मला मागच्या बाकापर्यंत कळतं. पण मनाला म्हटलं, त्यांचं त्यांना ठाऊक. देवाजवळ दिवा लावला. सकाळीही लावला होता. कपाटातल्या घड्या मोडून परत घातल्या. दोनदा.

साडेतीनला मी विचारलं, "किती राहिलं?"

नाना मांडीवरचा चष्मा पुसू लागले.

"नाना, किती राहिलं?"

"बाई... दळण टाकलंच नाही. निवडतानाच थांबलो."

मी तुम्हाला खरं सांगते, मी त्या माणसावर ओरडले. शाळा सोडल्यापासून एवढं मोठ्याने मी कोणावर ओरडले नव्हते. "सकाळी नऊपासून? तिथे एक पोर घड्याळाकडे बघतेय! तिला मी शब्द दिलाय! तुमची ज्वारी, तुमची चक्की, तुमचं आतलं दिसणं, मी दोन वर्षं ऐकून घेतलं. मला शेती करायची नाही हो नाना, मला माझ्या नातीला दिसायचं आहे! आणि आता तीन तासांचं दळण तुम्ही एका तासात कसं दळणार?"

"नाही दळता येणार."

"मग?"

नानांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मान खाली घालून काहीतरी टंकलं, मग माऊस हलवला. पडद्यावर एक निळी पट्टी आली, डावीकडून उजवीकडे भरत गेली, आणि प्रोग्रामचं ओळखीचं चिन्ह उमटलं. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं लागली होती.

"हे काय केलंत?"

"पाकिटातला," नाना म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "शकीलभाईला सांगू नका."

चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी तुम्ही दिसलात. अन्वी, तू निळ्या टोपीत होतीस आणि टोपी तुला मोठी होती. ईशान तुझ्या पलंगावर चढून बसला होता आणि त्याला कोणीतरी खाली उतरवत होतं. तू म्हणालीस, "आजी, तुझे केस विस्कटलेत." ते ओरडण्यामुळे विस्कटले होते. नाना बाजूला बसून कूलर लॅपटॉपवरून हळूहळू माझ्याकडे वळवत होते. तेच ते कोपर. मी तुला विचारणार होते, भीती वाटते का. तेवढ्यात पंखा मंदावला, कूलरची घरघर थांबली, भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्यातला हिरवा दिवा विझला. आणि तू तोंड अर्धवट उघडं ठेवून पडद्यावर थिजलीस.

आमची वीज गेली होती.

लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, पण लाइन गेली. मी नानांचा दंड घट्ट धरला. आता पडदा काळा होणार, मग परत जोडायचं, तोवर पावणेपाच होतील, तुला घेऊन जातील. तुझं ते उघडं तोंड, तू काहीतरी सांगत होतीस आणि ते मला कधीच कळणार नाही, असं मला वाटलं. ह्या वयात माणसाला नको ते फार लवकर वाटतं.

मिनिटभरात वीज आली. पण तो डबा हळूहळूच जागा होतो: आधी लाल, मग पिवळा, मग लुकलुक. मी दर सेकंदाला "गेलं, गेलं" म्हणत होते.

"नाही जाणार," नाना म्हणाले. "थांबा, बाई. तो थांबतो."

"कोण थांबतो?"

"प्रोग्राम."

आणि खरंच, पडदा काळा झाला नाही. तुझ्या चेहऱ्यावर एक लहान वर्तुळ फिरत राहिलं, फिरत राहिलं. हिरवा दिवा लागला आणि तू हललीस. "...आणि ईशानने माझं जेलीचं पाकीट फोडलं," तू म्हणालीस. हेच सांगत होतीस तू! आमची वीज गेल्याचं तिकडे तुम्हाला कळलंही नव्हतं. आई म्हणाली, तुझं चित्र जरा वेळ अडकलं होतं एवढंच. मग परिचारिका आली, तू हात हलवलास, आणि पलंग दाराबाहेर जाईपर्यंत मी तुला दिसत राहिले. शब्द पाळला गेला.

आईने लाइन बंद केली. निकाल कळायला दोन-अडीच तास होते. ते दोन-अडीच तास कसे काढायचे हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी पुन्हा नानांवर घसरले, पण आता आवाज खाली होता.

"चार मिनिटांत होत होतं. मग सकाळपासून मला का टांगून ठेवलंत?"

नानांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि ते पान पुन्हा उघडलं, ज्यावर ते सकाळी दहापासून थांबले होते. संगणकाच्या भाषेतल्या ओळी, आणि त्यांच्यामध्ये साध्या इंग्रजीत लिहिलेली एक टीप. "दळताना ह्या टिपा गळून पडतात," ते म्हणाले. "यंत्राला त्यांचा उपयोग नसतो. पाकिटात त्या येत नाहीत. ज्वारीतच दिसतात. तुम्ही वाचा. मी सकाळपासून वाचतोय, पण मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची आहे. मराठीत सांगा."

मी चष्मा लावला आणि वाचलं. मराठीत ते असं होतं:

"इथली वेळ कमी करू नका. माझ्या गावी वीज जाते आणि इंटरनेटचा डबा परत सुरू व्हायला जवळजवळ तीन मिनिटं लागतात, मी मोजली आहेत. तेवढा वेळ पलीकडून काही आलं नाही, तर त्याने फोन ठेवला असं समजू नये. माणूस तिथेच असतो."

खाली नाव होतं. सुहास.

"हा आपला सुहास?"

"हो. चार-पाच वर्षं तो ह्या प्रोग्रामवर काम करतो. नोकरी दुसरीकडे, हे फावल्या वेळात, फुकट." नाना पडद्याकडेच बघत बोलत होते. "लोकांना वाटतं, मुरलीनाना वेडा आहे, कॅल्क्युलेटर दळतो. कॅल्क्युलेटर हात बसावा म्हणून दळला, बाई. मला हे वाचायला यायला हवं होतं. नवी आवृत्ती आली की मी त्याच्या ओळी शोधतो. कधी काय बदललं, त्यापुढे तारीख, वेळ असते. पहाटे तीनला काही लिहिलेलं असलं की मला घोर लागतो, हा झोपत का नाही? महिनाभर काहीच लिहिलं नाही की त्याहून जास्त. मागच्या थंडीत सात आठवडे एक ओळ नव्हती. मी जेवलो कसा ते मला विचारू नका."

"पण फोन का नाही करत?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. नानी गेल्यानंतर दोन वर्षांनी सुहास म्हणत होता, इकडे या, घर बंद करा. नाना नाही म्हणत होते. एका दुपारी इंटरनेटवरून फोनवर बोलताना वाद झाला. नाना बोलून गेले, "आई गेली तेव्हा चौथ्या दिवशी परत गेलास, आता मला काय न्यायला निघालास?" आणि लाइन गेली. आमच्या कॉलनीची वीज गेली होती. नाना डब्यासमोर उभे राहिले, हिरवा दिवा लागेपर्यंत. लागला. सुहासचा फोन आला नाही.

"मला वाटलं, वीज गेली हे त्याला कळेल, तो परत लावेल. त्याला वाटलं असणार, म्हाताऱ्याने एवढं बोलून वर फोन आपटला. मी वाट बघितली, त्याने बघितली असेल. आठवडा गेला की लाज वाटते, बाई. महिना गेला की भीती वाटते. अशी चार वर्षं झाली."

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. फोन ठेवला असं समजू नये. त्याने हे कोणत्या दिवशी, काय आठवून लिहिलं असेल? नानाही दहा वाजल्यापासून हेच विचारत बसले होते, आणि तिकडे माझं घड्याळ पळत होतं.

"मग आता लावा," मी म्हटलं. "आत्ता. त्याच्याकडे दुपार असेल. इथूनच लावा."

नानांनी हात लॅपटॉपवरून काढून घेतला. "आत्ता नको. लाइन मोकळी राहू द्या. आधी तुमच्या पोरीचं कळू दे."

चार वर्षं थांबलेला माणूस माझ्यासाठी आणखी थांबला. आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसून राहिलो. मी भाकरी परत गरम करून दिली, ती त्यांनी खाल्ली. मी खाल्ली नाही. मग ते म्हणाले, "तुम्ही नाही खाल्लीत तर मीही ताट बाजूला ठेवतो," म्हणून मीही खाल्ली. अधूनमधून ते डब्याचा हिरवा दिवा तपासून यायचे. सव्वासातला आईचा चेहरा आला. आधी ती रडताना दिसली. मग कळलं, ती हसत रडत होती. सगळं नीट झालं होतं. ईशान मागून ओरडत होता, "आजी, ती झोपेत बोलतेय!"

बोलणं संपलं. नानांनी पंच्याने तोंड पुसलं आणि कूलरची वायर गुंडाळायला लागले. "जातो मी. घरून लावतो त्याला."

"घरी तुमच्याकडे नवी आवृत्ती आहे?"

"दळावी लागेल."

"बसा खाली," मी म्हटलं. शाळेतला आवाज होता तो. "घरी गेलात तर आधी भट्टी बांधायला घ्याल. इथेच बसा, आणि पाकिटातल्यावरून बोला."

नाना बसले. क्रमांक कुठून बघावा लागला नाही. लावण्याआधी त्यांनी बनियनवर माझ्या दोरीवरचा धुतलेला टॉवेल शालीसारखा घेतला, केसांवरून ओला हात फिरवला आणि मला विचारलं, "बरा दिसतो का?" मी हो म्हटलं. मग वर्तुळ फिरू लागलं, आणि मी स्वयंपाकघरात गेले. ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी परत धुवायला घेतली.

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग एक पुरुषी आवाज आला, फार हळू, "नाना?"

माझ्याशी नाना नेहमी शुद्ध मराठीत बोलतात, बाईंशी बोलतात म्हणून. नळाच्या आवाजातूनही मला त्यांचं नरडाण्याकडचं बोलणं ऐकू आलं.

"सुहास, मी फोन नही ठेवा रे भाऊ. लाईट गयी व्हती."